ककवाचा कवारा

डिंपल, तू विचारलंस, कोणता कोर्स लावू.
कोर्स नंतर.
आधी वडशाच्या एसटी स्टँडवर
भर बारा वाजता उभी राहा
आणि तुझं पान उन्हात उघड.
करड्यावर फिकी करडी अक्षरं,
रात्री खोलीत केवढी गोड दिसत होती!
आता कपाळावर हात आडवा धरून वाच.
नाही ना येत वाचता?
मग रंग बदल. त्यावर वाद घालू नको.

माझ्याकडे एक मोबाईल आहे,
झामरेच्या दुकानातून तीनशेला आणलेला.
काच तडकलेली, डावा कोपरा मेलेला.
त्याच्यात मेनू उघडला
की मी काम संपलं म्हणते.
बटण अंगठ्याएवढं हवं, डिंपल,
आणि अंगठा धान कापणाऱ्याचा धर,
तुझा नको.

पहिलं पान मी नाटक कंपनीचं केलं.
दिवाळी संपली की मंडया, मग शंकरपट,
गावोगावचे लोक तारीख मागायला येतात.
मालकानं नायिकेचा फोटो दिला, आठ एमबीचा.
कुरखेड्याच्या पुढं एकानं उघडला:
आधी आंबाडा आला, मग कपाळ, मग टिकली,
आणि टिकलीवरच अडकलं.
गडी चहा पिऊन आला, तरी टिकलीच.
ती नायिका मी ऐंशी केबीत बसवली.
कुणाला काही कमी वाटलं नाही.
तिलाही नाही.

मग नाटकाचं नाव. कुंकवाचा कैवारी.
मी ठळक केलं, मोठं केलं,
ओळीची उंची कुठल्याशा इंग्रजी नमुन्यातून उचलली.
वर अनुस्वार छाटला, मात्रा छाटल्या,
खालचा उकार गेला,
वेलांटी जाऊन नुसता काना उरला.
पडद्यावर झळकलं: ककवाचा कवारा.
मालक म्हणाला, "बाई, हे लग्नाचं नाटक नोहे ना जी!"
इंग्रजी अक्षरं भुईवर चालतात.
आपली दोरीला लटकतात,
डोक्यावर काही, पायाशी काही घेऊन.
दीडपट तरी जागा सोड,
आणि जास्तीचं झाकून टाकायची घाई करू नको.

एवढं करून मला वाटलं, झालं.

कंपनीत ऑर्गनवर इस्तारीजी नन्नावरे बसतात.
त्यांना दिसत नाही. त्यांचा फोन बोलतो.
त्यांनी माझं पान कानाला लावलं.
फोन म्हणाला: इमेज, झिरो झिरो चार.
बटण. बटण. बटण. लिंक. बटण.
ते थांबले. म्हणाले,
"बाई, तुझ्या घरात दारंच दारं हायेत,
पर कोनतं कुठं जाते थे कोनी सांगत नाई."

त्या रात्री मी प्रत्येक दाराला नाव दिलं.
तारखेचा रकाना, गावाचा रकाना,
सगळ्यांना लेबल. रकान्यातलं पुसट लिहिलेलं लेबल नसतं,
टाइप करायला लागलं की ते पळून जातं.
फोटोखाली, न दिसणाऱ्या जागी, लिहिलं:
नायिका, हिरवा शालू.

सकाळी इस्तारीजी म्हणाले, "शालू समजला.
थे रडते का हासते?"

मी तो फोटो शंभर वेळा कापला होता,
दाबला होता, सरकवला होता.
पाहिला तेव्हा पहिल्यांदा.
ती रडत नव्हती. हसतही नव्हती.
विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघत होती.
तसंच लिहिलं.

इस्तारीजी ऐकून कितीतरी वेळ हसत राहिले.
"म्हंजे अर्जुनीचा प्रयोग.
वाक्य ईसरली होती ना थे,
मंग मी सूर लांबवला होता."

बाकी किरकोळ. एफ-बारा दाबून
दुसऱ्यांची पानं उसवून बघ, शिवण कशी घातली ते कळतं.
हलणारं, फिरणारं, उडणारं कमी ठेव.
दर चार ओळींनी सेव्ह कर,
आमच्या फिडरचा भरवसा नाही.
कोर्स कोणता ते मलाही ठाऊक नाही.

पान झालं की मला लिंक नको पाठवू.
आधी इस्तारीजींना ऐकव.
ते कुठं थांबतात, तेवढं लिहून घे.