दगडांचं पीक

पाच तास काम, त्या बदल्यात
अंथरूण आणि तीन वेळचं जेवण.
पत्रात एवढंच ठरलं होतं.
राइव्होच्या बुटांचं काही ठरलं नव्हतं.

हेल्वीनं ते पहिल्याच सकाळी दाराशी काढून ठेवले,
मला दोन मापं मोठे, टोकाला लोकरीचे बोळे.
मुलगा फिनलंडला असतो, म्हणाली, बांधकामावर.
म्हणाली म्हणजे समुद्राकडे बोट केलं,
मग हवेत एक वीट ठेवली.

एप्रिल.
एस्टोनियाच्या या बेटावर हिरवं म्हणजे फक्त जुनिपर,
बाकी शेतभर दगड.
हिवाळाभर जमीन गोठते, फुगते
आणि पोटातलं एकेक वर ढकलते.
न पेरता येणारं हे एकच पीक, एल्मार म्हणतो.
त्यांच्या भाषेत दगडाला किवी म्हणतात.
मी हसले. का ते त्याला कळेना.
मग काडीनं मातीत फळ काढून दाखवलं,
तेही दगडासारखंच दिसलं.

तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली.
एल्मारनं न बोलता दोन बोटांनी
माझा गुडघा टोचला: वाकायचं ते इथून.

वेचलेले दगड कुंपणावर रचायचे.
कुठला कुणी लावला ते त्याला पाठ:
हा वडलांचा, हा राइव्हो नऊ वर्षांचा असतानाचा,
हा तिरपा, बेल्जियमच्या त्या पोराचा,
जो रात्री रडायचा आणि सकाळी दुप्पट उचलायचा.
माझ्या दगडापाशी तो थांबला,
हलवून पाहिला,
हलला नाही, तर पुढे गेला.
शाबासकी असावी ती.

जेवताना माझ्या हातून काळ्या पावाचा तुकडा पडला.
हेल्वीनं तो उचलला, ओठांना लावला,
आणि परत माझ्या ताटलीत.
माझा हात आपोआप कपाळाकडे गेला होता,
अन्नाला पाय लागला की जातो तसा.
दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
सूप निवलं.

मग ती रात्र, मेंढी अडली ती.
अंधारात हेल्वीची हाक: राइव्हो, बॅटरी!
आणि मी गेले.
नाव दुरुस्त करायची ती वेळ नव्हती.
तिची बोटं संधिवातानं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली.
तिनं माझा हात धरून उजेडात पाहिला, लहान आहे.
बांगड्यांकडे खूण केली.
त्या काढून मी दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या
आणि कोपरापर्यंत एका गरम अंधारात शिरले,
दुमडलेला एक पाय शोधत.
सापडला.
कोकरू ओलं, पिवळं, आधी मेलेलंच वाटलं.
मग शिंकलं.

मे महिन्यात राइव्हो आला, तीन दिवसांसाठी.
पांढरे बूट, हातात दुकानाची पिशवी.
कपाटं उघडत-मिटत राहिला, शेवटी मलाच विचारलं,
कॉफीचे कप कुठे असतात हल्ली?
मी दाखवले. दाखवताना कान तापले.
शेतावर निघताना मी त्याचे बूट पुढे केले.
तो म्हणाला, राहू दे, ते कामावर आहेत.
आणि पांढऱ्या बुटांनी चिखलात उतरला.

त्या रात्री आईला फोन केला.
माझ्या खोलीत तिनं नर्सिंगची एक मुलगी ठेवलीय.
गुणी आहे म्हणे,
गॅसचा डावा बर्नर लगेच जमला तिला,
किंचित दाबून, मग हळू फिरवायचा.
मी म्हटलं, अरे वा.
मला इतकी वर्षं वाटायचं
तो फक्त माझ्याच हाताला पेटतो.

निघताना बूट दाराशी ठेवले.
बोळे आतच राहू दिले.
हेल्वीनं पाव दिला, कापडात बांधून.
एल्मार कुंपणापर्यंत आला,
माझा दगड पुन्हा एकदा हलवून पाहिला.

बोट सुटल्यावर मनगट हलकं लागलं.
खिळा आठवला.
किनारा अजून दिसत होता,
जुनिपरचे ठिपके मोजता येत होते.

असू देत म्हटलं.
कुणाला तरी सैल होतील.