रकाना अकरा

जुनी भट्टी कायमची बंद केल्याचा पुरावा.
फोटो जोडणे. अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत.

म्हणून मी भवानी पेठेत,
टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात,
जिथे स्कूटी लावायला जागा नाही
आणि बेकरीच्या पाटीवरचं 'न्यू'
माझ्या जन्माआधीचं आहे.

मुनीर आत्तार चहा मागवतात. मी नको म्हणते. चहा येतो.
सोबत खारी, नव्या ओव्हनमधली.
"सांगा मॅडम, फरक कळतो का?"
मी सरकारी नोकर.
तोंडात खारी असताना मत देत नाही.

ओव्हन कोपऱ्यात उभा,
मुलगी बघायला आलेल्या मुलासारखा
अवघडलेला, चकचकीत,
दारावरचं प्लास्टिक अजून तसंच.
चाळीस टक्के अनुदान, दोन हप्त्यांत.
पहिला आला सात महिन्यांनी.
दुसरा माझ्या सहीनंतर,
आणि सही मार्चच्या आत.
आज एकोणतीस.

योजनेचं नाव दोन ओळींचं आहे.
कासमभाई म्हणतात, धुराची स्कीम.
"धूर थांबवण्याची," मी दुरुस्त करते.
"तेच ते," म्हणतात, आणि खोकतात.
चौतीस वर्षं त्यांनी या तोंडात लाकूड भरलं:
मोडके पलंग, चौकटी, पॉलिशचे तुकडे,
एकदा भंगारात अख्खं देवघर आलं,
ते नाही घातलं.
वर आहे अजून, मैद्याच्या पोत्यांमागे.

काटा नव्हता, आकडा नव्हता.
हात आत घालायचा आणि मोजायचं.
सातला ओढावा लागला तर पाव,
बारापर्यंत टिकला तर नानकटाई.
उजव्या हातावर एकही केस नाही.

'बाधित कामगार' असा एक रकाना मसुद्यात होता.
मंत्रालयातून फाइल परत आली तेव्हा नव्हता.
मीच टाइप केला होता,
खाडाखोड नको म्हणून अख्खं पान
मीच पुन्हा टाइप केलं.

समोर पालिकेची शाळा.
तिसरीच्या वर्गाची खिडकी विटांनी बुजवलेली,
धुराडं नेमकं तिच्यासमोर.
आता धूर नाही, तर विटा काढता येतील,
पण ते बांधकाम खात्याकडे.

मी वाकते. भट्टीच्या भिंतीला तळवा लावते.
गरम.

"परवाच विझवली, कसम से," मुनीरभाई घाईने.
मी काही बोलत नाही. असं पाहिलंय मी:
ओव्हन दाखवायला, भट्टी चालवायला.
कासमभाई मात्र हसतात.
"त्रेसष्ट सालापासून पेटतीये, मॅडम.
ईदला जरा मंद, बस्स.
दोन दिवसांत कशी विसरेल?"

फोटोत ऊब येत नाही.
तेव्हाच काढला असता तर चाललं असतं.

एकतीसला पुन्हा आले, साडेतीनला.
ओव्हनवरचं प्लास्टिक गेलंय,
मुनीरभाईंची भाची बटणं दाबतेय,
लाल आकडे पळताहेत, दोनशे दहा, दोनशे वीस,
कासमभाई त्यांच्याकडे बघतात
परक्या गल्लीतला पत्ता वाचावा तसे.

"थंड झाली?" मी विचारते.
ते बाही सरसावतात,
कोपरापर्यंत हात काळोखात घालतात
आणि मोजू लागतात, मराठीत,
समोरच्या शाळेत शिकले तसं, एकसुरी,
तेव्हा त्या खिडकीला विटा नव्हत्या.
सात जातात. बारा जातात.
चाळीस, एकेचाळीस.
भाची बटण सोडून बघत राहते.

शंभराला थांबतात.
"पुढचं आलं नाही शिकायला."
हात मात्र आतच.

मी मोबाइल धरते. उपग्रह सापडत नाहीत,
बोळ फार अरुंद आहे.
ट्रेझरी पाचला बंद होते.