चौतीस जीबी

बर्फाच्या कारखान्यामागे, हर्णैला,
तेवढीच रेंज.
बंदीचे दिवस; होड्या झापांखाली.
सुफियानच्या फोनवरून लॅपटॉपात उतरतोय
खेळाचा नवा भाग.

"पैसे घेऊन शेवट बदलतात,"
पावश्यांचा जयदीप म्हणतो.
"ती यानातच राहिली ना? राहू दे."
"तू सोडून आलास तिला.
मी तीनदा वळवलं यान.
तीनदा इंधन संपलं."

मग भांडण भलत्याच गोष्टीवरून:
त्या ग्रहाला दोन चंद्र,
तर भरती दिवसातून कितीदा?
खेळातला समुद्र नुसता चमकतो.
"बनवणाऱ्यानं जेटी पाहिली नसणार."

एक्क्याण्णव टक्क्यांवर रेंज जाते.
लॅपटॉप काखेत, फोन उंच,
सुफियान दोरखंडांवरून उड्या मारत पार टोकाला,
होडीवर बाप एरियल धरायचा
तसा.

जयदीप मागून ओरडतो,
"आलं का काही?"