पातं

व्हेल्डन, नेब्रास्का. लोकसंख्या दोनशे बारा.
पाटीला बंदुकीच्या गोळ्यांची तीन भोकं,
कुणीतरी निव्वळ कंटाळ्यापायी पाडलेली.
डेल्बर्ट कुबिकचा पिवळा ग्रेडर
काउंटीच्या खडीवरून नऊ मैल घासत येतो
आणि ह्या पाटीपाशी
पातं उचलतो.
चिखल गळणारं रुंद पातं,
दारात कुणी आल्यावर
तोंडाशी नेलेला घास थांबावा, तसं.
तसाच अधांतरी गावातून जातो.
पलीकडच्या पाटीपाशी पुन्हा टेकवतो.

मधले अकराशे यार्ड आमचे नाहीत.

मी हिशेब तपासते.
कोर्टहाउसच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
डिझेल किती, खडी किती ट्रक, माणसाचे तास किती.
सप्टेंबरात गावाचा अर्ज आला.
मेयर ट्वायला रासमुसेन सकाळी शाळेची बस चालवते,
मणक्यासकट माहिती आहे तिला एकेक खड्डा.
गावाच्या तिजोरीत होते चार हजार एकशे डॉलर,
त्यातले निम्मे दिव्यांचे.

वकील ऑस्टरग्रेन यांनी दोन पानी मत दिलं.
पैसा अख्ख्या काउंटीचा.
गावच्या गल्लीत तो घालायचा असेल
तर गल्लीने काउंटीचे दोन रस्ते जोडायला हवेत.
मेन स्ट्रीट जोडते. मंजूर.
मिल स्ट्रीट धान्याच्या कोठारापर्यंत जाते
आणि संपते.

"कुठेही जात नाही," मी कार्यवृत्तात टाइप केलं, ते म्हणाले तसं.
तिसऱ्या रांगेतून लोरेना पाव्हलिक म्हणाली,
"मग त्रेपन्न वर्षं मी कुठे जाऊन येत होते?"
कुणी हसलं नाही.
कागदावर तिचा प्रश्न नाही.
ठराव नसलेल्या गोष्टींना आमच्याकडे क्रमांक मिळत नाही.

कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही.
एकोणीसशे एकाहत्तरची एक फाइल माझ्याच कपाटात आहे,
एका कमिशनरच्या मेव्हण्याच्या गॅरेजपर्यंत
डांबर कसं चालत गेलं, त्याची.
कुंपणाने शेत खाऊ नये
म्हणून कुंपणालाच घातलेलं हे कुंपण.
मला ते पटतं.
बैठकीनंतर जिना उतरताना पटत होतं,
गाडीची काच खरवडतानाही.

फक्त माझ्या भाषेत वाट आणि वाटा
एका भिंतीला पाठ लावून राहतात.
वाटा न मिळालेला माणूस
काय करतो? वाट पाहतो.
हे ऑस्टरग्रेनना कोणत्या शब्दांत सांगू?
चांगला माणूस आहे. नाताळात सगळ्यांना पेकान वाटतो.

फेब्रुवारीत चौदा इंच बर्फ पडलं.
सोमवारी डेल्बर्टची नोंदवही आली,
कॉफीचा गोल डाग, ग्रीसचा अंगठा,
आणि गुरुवारच्या ओळीत
शून्य पूर्णांक चार मैल जास्त.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
वळलो.

ग्रेडरला वळायला जागा लागते, हे खरं.
कोठारासमोरचं अंगण रुंद आहे, हेही.
पण मेन स्ट्रीटच्या टोकाला
ट्रकसुद्धा वळतात.
आणि पातं वर होतं की खाली,
ह्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.
तो फॉर्म मीच बनवलाय, चार वर्षांपूर्वी.

त्याला फोन केला. म्हणाला, "थंडी फार होती, मिसेस एस."
सिरसीकर त्याला कधीच जमलं नाही.
मग बराच वेळ त्याच्याकडचा रेडिओ ऐकू येत राहिला,
मक्याचे भाव, सोयाबीनचे भाव.
"आणखी काही?"
मी म्हटलं, "नाही."

मार्चात लिंकनहून ऑडिटर येतील.
शून्य पूर्णांक चारवर
लाल पेन्सिलीचं टोक टेकवून बसले आहे.
बॉयलर धाडकन बंद होतो, पुन्हा लागतो.
वर कुणाचे तरी बूट,
बर्फ झटकणारे.