देण्यात येईल

मला पाठवलं होतं ऐकायला.
फक्त ऐकायला, असं पत्रात ठळक होतं.
भांडुपची पालिका शाळा, पहिला मजला,
बाकं भिंतीला लावून मोकळी केलेली सातवी ब.
माझ्या पिशवीत मसुदा, बारा कलमं,
पेन्सिल, आणि भेंडीचा डबा.

बायांनी नाटक बसवलं होतं, त्यांचंच.
संहिता नाही. चार खुर्च्या, एक तागाची पिशवी.
लिफ्ट करायला माणूस कमी पडला
तेव्हा सूत्रधार पल्लवी खरात म्हणाली,
"साहेब, तुम्ही उंच आहात. या."
बावीस वर्षं मी कायद्याची भाषा लिहितो.
त्या दुपारी दोन हात पसरून दरवाजा झालो.

नसरीन अत्तार आली, चौदाव्या मजल्याला जायला.
वॉचमन म्हणाला, मागची लिफ्ट.
मागची मंगळवारपासून बंद आहे.
मग जिना आहे ना, मावशी.
(वॉचमन झालेल्या बेबीताई तांबे
स्वतःच अठरा वर्षं तो जिना चढतात, गुडघ्याला पट्टा;
पण 'मावशी' त्यांनी असं काही उच्चारलं
की अख्ख्या वर्गाला वॉचमन ओळखीचा वाटला.)
मी हात मिटले. मला तसंच सांगितलं होतं.

"थांबा!"

इथे कोणीही थांबा म्हणू शकतं.
मात्र मग उठून पुढे यावं लागतं,
बसल्या जागेवरून सल्ला चालत नाही.
एक आली, वॉचमनशी भांडली. मी मिटलो.
दुसरीने मॅडमना फोन लावला,
मॅडम आंघोळीला गेल्या होत्या. मी मिटलो.
मग हौसाबाई गवाणकर. काही बोलल्याच नाहीत.
उंबऱ्यावर बसल्या, पिशवीतून मेथीची जुडी काढली
आणि निवडायला लागल्या.
जुडी हवेतली होती,
पण देठ मोडल्याचा आवाज मी ऐकला.
वर्ग हसत होता. मला मिटता येईना.
खांदे भरून आले.
दरवाजाचेही हात दुखतात,
हे बारा कलमांत कुठेच नव्हतं.

मग पल्लवी म्हणाली, आता साहेबांचा कायदा आणा आत.
मी वाचलं, कलम सात:
'घरकामगारांस इमारतीतील उद्वाहन वापरण्याची
मुभा देण्यात येईल.'
उद्वाहन म्हणजे मीच, हे समजावण्यात दोन मिनिटं गेली.
"बरं, करू या," हौसाबाई म्हणाल्या.
"मी ही उभी राहिले. आता 'देण्यात येईल' कोण करतंय?"
म्हटलं, तशी भूमिका नसते, बाई. हा कर्मणी प्रयोग आहे.
"प्रयोगच चाललाय की," त्या म्हणाल्या,
"पण माणूस कुठाय?"

वर्गाच्या मधोमध एक जागा रिकामी राहिली.
वॉचमन म्हणाला, मला कोणी सांगितलं नाही.
सेक्रेटरी म्हणाला (नसरीनचा सहावीतला पोरगा,
नाकावर आजोबांचा चष्मा), मला पत्र आलं नाही.
मॅडम म्हणाल्या, माझी काही हरकत नाही, पण.
आणि त्या जागेवर एकामागून एक येऊन उभी राहिली
माझीच बावीस वर्षांची वाक्यं:
करण्यात येईल. घेण्यात यावी.
योग्य ती कार्यवाही होईल.
एकालाही तोंड नव्हतं.

मी पेन्सिल काढली. 'संस्थेचा सचिव देईल' लिहिलं.
"नाही दिली तर?" मागून कोणीतरी.
तेही लिहिलं, दंडाचा आकडा मोकळा ठेवून.
"आणि ते मुभा काढा," हौसाबाई म्हणाल्या,
"दिलेली मुभा परत घेता येते."
मुभा काढली. तिथे काय घालायचं
यावर सव्वा तास गेला, भेंडी सगळ्यांत संपली,
शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला.

सोमवारी फाइल वर गेली. अजून वरच आहे.
उतरेल तेव्हा 'देण्यात येईल' परत आलेलं असेल
आणि ते टाइप करायला माझ्याकडेच येईल,
एवढी नोकरी मी केली आहे.
माझ्या प्रतीत, कलम सातच्या समासात,
पेन्सिलीचा एक शब्द आहे: थांबा.
कुणी लिहिला, आठवत नाही. अक्षर माझंच दिसतं.
पुसलेला नाही.
नियम मला माहीत आहे, थांबा म्हटलं की उठावं लागतं.
मी खुर्चीतच आहे, अजून.