अठरावी ओळ

मेनमधला फेब्रुवारी. कचेरीच्या काचेवर बर्फाची खरवड.
शाळा समितीच्या जागेला पन्नास सह्या लागतात.
ओडेट थिबोडो दारोदार हिंडली.
शाई गोठली की पेन काखेत धरायची म्हणे.
कागदावर दिसतंच ते:
नावं फिकी होत जातात, मग एकदम गडद.

नियम सोपे आहेत.
टपालपेटीचा नंबर म्हणजे पत्ता नव्हे.
नदीपलीकडचा माणूस आपला असला तरी आपला नाही.
लाडाचं नाव चालत नाही. ‘बड’ खोडला.
तीस वर्षं मी त्याला बडच म्हणतेय.

सतराव्या ओळीत कोरा पेल्की,
अठराव्या ओळीत एल्मर पेल्की, अक्षर कोराचंच,
नाताळच्या कार्डावर असतं तसं.
एल्मरला ऑक्टोबरात पोचवून आलो आम्ही सगळे.
मी बटाट्यांचं भांडं नेलं होतं,
ते अजून तिच्याकडेच आहे.
लाल रेघ मारली.
हळू मारली, एवढंच.

एकोणपन्नास.

पाचाला दहा कमी. ओडेट बाकावर,
बुटांखाली पाण्याचं थारोळं. काही विचारत नाही.
मीही याच गावची मतदार.
पण टेबलाच्या या बाजूला
लाल पेनाशिवाय दुसरं ठेवत नाहीत.