झडप

मार्चपासून आमच्या बेसिनचा गार नळ
दुपारी बारानंतर चटका द्यायला लागला.
गरम नळ मात्र पहाटे कोमट.
भूपाल म्हणाले, सोलरच्या नळ्या फुटल्या असतील.
दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या.

दस्तगीर शिकलगार काहीच म्हणाला नाही.
गच्चीवर चपला काढल्या,
सोलरपासून सिमेंटच्या टाकीपर्यंत
पाइपावर तळवा ठेवत ठेवत चालत आला,
पोराचा ताप बघावा तसा.
"हितनं मागं जातंय बघा," म्हणाला.
"ऊन लागलं की पाणी फुगतंय,
वाट उघडी दिसली
की आल्या वाटेनं परत निघतंय."

पान्यानं व्हॉल्व्ह सोडवला.
आत पितळेची झडप, जुन्या आठ आण्याएवढी,
बोअरच्या क्षारानं पांढरी,
अर्ध्यातच अडकलेली.
नखानं हलवली, हलेना.
"सतरा वर्सं उघडझाप केली की वो हिनं.
तुमी कधी बघितलासा?"
नाही बघितलं. असली काही वस्तू
घरात आहे हेही ठाऊक नव्हतं.

नव्या व्हॉल्व्हवर बाण कोरलेला.
तो मला दाखवून, मगच त्यानं धागा गुंडाळला.
"बाण सोलरकडं. आन आडवाच बसवायचा.
ह्या उतरत्या लायनीत उभा घातला
तर झडप नुसती लोंबकळत ऱ्हाती."

चहा पिताना मी त्याला न्हाणीची जाळी दाखवली.
त्या ऑगस्टात कृष्णा रस्त्यानं यायच्या आधी
इथून आली होती:
दोन बुडबुडे, मग काळं पाणी, मग एक झुरळ पोहत.
आम्ही पुढच्या दाराला
वाळूची पोती लावत होतो.

दस्तगीर उकिडवा बसून जाळीत बघत राहिला.
"हितंबी बसवूया, मोठा, चार इंची.
गटार फुगलं तर आडवंल."
मग कप बशीत ठेवत,
"नदीचं मात्र मी सांगत न्हाई."
त्याचं घर कुठं बुडालं होतं
ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.
जुनी झडप कागदात बांधून मागून घेतली,
पितळ हाय म्हणाला.

आता गार नळ गार आहे.
रात्री वरच्या मजल्यावर कुणी नळ बंद केला
की गच्चीतून बारीक आवाज येतो,
टक्.
भूपाल झोपेतच विचारतात, कोण आलं?
कोणी नाही, मी म्हणते.
पाणी परत निघालं होतं.